जनूच्या तोंडावरचा उजेड

दिवाळीचे कंदील उतरले की दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर एक उजेड येतो. डोळे मिटून उभा राहिलो तरी तो मला कातडीवरून कळेल. पावसाने घासून ठेवलेलं आभाळ, सुकून पांढरी पडलेली वाळू, आणि बांबूला बांधलेल्या आडव्या दोऱ्यांवर दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगलेले. पहिल्या दिवशी ते ओले, आरपार दिसणारे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नव्या पत्र्यासारखे चमकतात. मग पिवळे पडतात, आक्रसतात, कडक होतात. ते मधले दोन दिवस असे असतात की किनाऱ्याकडे बघायचं तर हात कपाळावर धरावा लागतो. समोर समुद्र चमकतो, खाली वाळू चमकते, मध्ये मासे चमकतात, आणि त्या सगळ्यात माणसं तेवढी काळी दिसतात.

लोकांना त्या दिवसांचा वास आठवतो. मला उजेड आठवतो. जन्मभर तोच मोजला, त्याला मी काय करू?

परवा पालघरच्या बाजारात एका बाईच्या टोपलीत या साली पहिल्यांदा नवे सुके बोंबील दिसले. तिने हाक मारली, "घ्या ना बाबा, आपल्याच किनाऱ्याचे हायत." घेतले नाहीत. घरी आलो आणि माझ्या फोटोच्या दुकानाच्या बंद फळीला पाठ लावून बराच वेळ बसलो. गेल्या काही वर्षांपासून हे असं होतं. हा मोसम आला की जेवण कमी होतं आणि मी कुणावर तरी उगाच ओरडतो.

मी चौथी शिकलो. आमच्या घरात सगळे बोटीवर जाणारे. मी गेलो नाही, कारण मला बोट लागायची. कोळ्याच्या पोराला बोट लागते हे सांगायची लाज, म्हणून मी सांगायचो की मला फोटोचं वेड आहे. सांगता सांगता ते खरं झालं. पालघरला स्टेशनाजवळ सदूभाऊंचा स्टुडिओ होता, तिथे शिकलो, आणि पुढे तो स्टुडिओ मीच चालवला. सदूभाऊंनी जाताना मला त्यांचा उजेड मोजायचा हातातला मीटर दिला. तळहातात मावेल एवढा, वर पांढरी अर्धगोल वाटी, खाली आकड्यांची चकती. त्याला बॅटरी लागत नाही. उजेड पडला की काटा हलतो, अंधार झाला की झोपतो. "हा खोटं बोलत नाही," सदूभाऊ म्हणाले होते. "पण ह्याला जवळ न्यावं लागतं." तेव्हा त्यातलं पहिलं वाक्य तेवढं मी धरून ठेवलं.

आता फोटो सगळ्यांच्या खिशात असतात. तरी मधूनच कुणाला जुन्या रोलच्या कॅमेऱ्याची हौस येते. बोईसरच्या कॉलनीतले एक निवृत्त साहेब महिन्यापूर्वी माझा पत्ता शोधत आले. गळ्यात जुना जपानी कॅमेरा.

"भाऊ, एक विचारायचं होतं. हातातला मीटर घ्यावा का? कॅमेऱ्यात आहे की एक."

"आहे ना? मग मला कशाला विचारता?"

"लोक म्हणतात, हातातला चांगला."

"लोक येणार आहेत का तुमच्या बायकोचा फोटो काढायला?"

साहेब हसले. माणूस चांगला होता, म्हणून मग नीट सांगितलं. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परत येणारा उजेड मोजतो. त्याला माणूस कळत नाही. समोर पांढरी भिंत असो की काळी म्हैस, तो दोघांना राखाडी करायला बघतो. माणसाच्या मागे झगझगीत समुद्र असला तर तो घाबरतो, उजेड फार झाला म्हणतो, भिंगाचं भोक बारीक करायला लावतो, आणि पुढचा माणूस काळा ठिक्कर. हातातला मीटर आपण माणसाच्या हनुवटीशी धरतो, वाटी कॅमेऱ्याकडे करून. तो त्याच्यावर पडणारा उजेड मोजतो. मागे समुद्र असो की स्मशान, त्याला देणंघेणं नाही.

"म्हणजे हातातलाच बरा," साहेब म्हणाले.

"कॅमेऱ्यातला पण बरा. तो कधी चुकतो ते माहीत असलं म्हणजे झालं. नुसता एवढा फरक आहे की त्याला लांबून चालतं. हातातल्याला माणसापर्यंत चालत जावं लागतं."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चालत जाणं हीच तर खरी गोष्ट. नवऱ्या मुलीच्या गालाशी मीटर धरला की हळदीचा वास यायचा, तिला रडू येतंय की नुसती झोप येतेय ते कळायचं. बोईसरच्या कारखान्यांत कामाला लागलेले लोक गेटपासचा फोटो काढायला यायचे, कुणी सातारचे, कुणी बिहारचे. हनुवटीशी मीटर नेला की त्यांचा श्वास हाताला लागायचा. एकाचे ओठ थरथरत होते. "पहली बार फोटो निकाल रहा हूँ, भाईसाब." मी त्याला पाणी दिलं आणि मग काढला. कॅमेऱ्यामागून हे मला दिसलं नसतं.

हे सगळं साहेबांना सांगितलं. उरलेलं सांगितलं नाही. ते इथे लिहितो.

जनू माझा धाकटा भाऊ. आठ वर्षांनी लहान. तो दहावी झाला, बोईसरच्या एका कारखान्यात लागला, तिथेच खोली घेतली. रविवारी दातिवऱ्याला घरी यायचा. मी त्याला खांद्यावर घेऊन वाळूतून फिरवलेला, तरी दहावी झाल्यापासून माझ्याशी बोलताना तो जरासा हसून बोलायचा. किंवा तसं मला वाटायचं. चौथी शिकलेल्या माणसाला फार वाटतं.

चाळीस वर्षं झाली. त्या साली गणपतीच्या सुमारास त्याला मुलगी झाली. दिवाळीनंतर हिरा, म्हणजे त्याची बायको, बाळाला माहेराहून घेऊन आली. आणि जनूने त्याच दिवसांत कारखान्यातल्या एका जोडीदाराकडून कॅमेरा घेतला. आत मीटर असलेला. डोळा लावला की चौकटीच्या उजव्या कडेला एक बारीक सुई दिसायची. जोडीदाराने त्याला शिकवलं होतं, आँख लगाओ, सुई बीच में लाओ, बस. तो सबंध मोसमभर मला ते ऐकवत होता.

"दादा, सुई बीच में लाओ!"

जेवताना, बंदरावर, आईसमोर, कुठेही. एकदा माझ्या दुकानात आला, गिऱ्हाइकं बसलेली, आणि काउंटरवरचा सदूभाऊंचा मीटर उचलून म्हणाला, "ह्ये डबडं आता पेटीत ठेव, दादा. मीटर आत गेला. फोटोग्राफर पन आत गेला." सगळे हसले. लग्नाचा फोटो न्यायला आलेला एक म्हातारा तर खोकेपर्यंत हसला. जनूच्या मनात वाईट काही नव्हतं. नवीन खेळणं मिळालेल्या माणसासारखा तो खुशीत होता. मला हे तेव्हाही कळत होतं. तरी मी ते हसणं घरी घेऊन आलो.

काय दिवस होते ते. पहाटे उत्तरेचा वारा सुटायचा, होड्या यायच्या, टोपल्या रिकाम्या व्हायच्या. बाया पदर खोचून बोंबील अडकवत जायच्या, बोटं इतक्या वेगाने चालायची की नजर ठरत नसे. म्हाताऱ्या काठी घेऊन कावळे हाकायच्या आणि कावळ्यांना घालायच्या त्याच शिव्या आम्हालाही घालायच्या. आत गावाकडे भात झोडून झालेलं, पेंढ्याचा वास, आणि किनाऱ्यावर हा दुसरा वास, आणि दोन्ही वास मिळायचे आमच्या अंगणात. हिरा बाळाला तेल लावून उन्हात ठेवायची. माझी आई म्हणायची, "काली पडंल गो पोर." हिरा म्हणायची, "पडूं दे, कोलीनच हाय." सगळे हसायचे. मीही हसायचो. आता त्या अंगणात कुणी नाही. किनारा तोच आहे, उजेड तोच आहे.

त्या रविवारी दुपारचे चार वाजले असतील. ऊन समुद्राच्या बाजूला उतरलेलं. जनू कॅमेरा घेऊन आला, मागे हिरा बाळाला घेऊन.

"दादा, तूच काड. माजा नि पोरीचा. पन माज्या मीटरनं हां. तुजं डबडं खिशातच ऱ्हाऊ दे."

"तुझ्याच मीटरनं काढतो," मी म्हणालो. "तिथे उभा राहा."

जागा मी निवडली. हे मी आजपर्यंत लिहिलं नव्हतं. त्याला समुद्राकडे पाठ करून, बोंबलांच्या रांगेपुढे, सबंध किनाऱ्यावर जिथे उजेड सगळ्यात वाईट होता तिथे मी त्याला उभा केला. मला ठाऊक होतं सुई काय मागणार. तिने सोळा मागितलं, म्हणजे अगदी बारीक भोक. जनूच्या तोंडावर सावली होती, त्याला चार हवं होतं, म्हणजे मोठं भोक. सोळा आणि चार यांच्यात चार घरांचा फरक. मी गुपचूप भोकाची रिंग फिरवली असती तर जनूला कळलंसुद्धा नसतं. फोटो चांगला आला असता, तो म्हणाला असता, बघ माझा मीटर, आणि मी गप्प बसलो असतो. एवढंच करायचं होतं. गप्प बसायचं.

मी सुई बरोबर मध्ये आणली आणि बटण दाबलं.

माझ्या मनात असं होतं की पहिला त्याच्या सुईने काढायचा, मग खिशातला मीटर काढून त्याच्या हनुवटीशी नेऊन दुसरा काढायचा. दोन्ही फोटो त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवायचे. धडा शिकवायचा होता मला. पण दुसऱ्यासाठी रोल पुढे न्यायचा खटका ओढला तर तो सरकेना. रोल सरला होता. जनू म्हणाला, "ऱ्हाऊ दे, पुडच्या रयवारी." मी म्हणालो, ठीक.

रोल धुतला. जे व्हायचं ते झालं होतं. समुद्र सुरेख, बोंबील एकेक मोजता येतील असे, आणि मध्ये हातात गाठोडं घेतलेली एक काळी आकृती. जनू पुढच्या आठवड्यात दुकानात आला तेव्हा गिऱ्हाइकं होती. मी मुद्दाम ती असतानाच फोटो काउंटरवर ठेवला.

"घे. तुझ्या सुईनं काढलेला."

लोक हसले. या खेपेला माझ्या बाजूने हसले. जनूने फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं आता काहीतरी उलट बोलेल.

"पोरगी दिसत नाय, दादा," तो म्हणाला.

एवढंच. स्वतःबद्दल एक शब्द नाही. मी तेव्हा तरी उठायला हवं होतं. मी म्हणालो, "माझ्या मीटरनं काढायचा असेल तेव्हा सांग. येईन." तो फोटो खिशात घालून गेला.

मग मी वाट बघत राहिलो. तो येऊन म्हणेल, दादा, तुझ्या मीटरनं काढ. रविवार येत होते, जात होते. मी पालघरहून दातिवऱ्याला गेलो नाही, लग्नांची कामं आहेत असं सांगितलं. कामं होती, पण रविवारची दुपार काढता आली असती. किनाऱ्यावर बोंबील चढत होते, उतरत होते. उजेड थोडा थोडा पिवळा होत गेला. त्यालाही हट्ट होता, आमच्या बापाचाच मुलगा तो. चैत्रात त्याला कावीळ झाली. इस्पितळात नेला तेव्हा डोळे हळदीसारखे. आठव्या दिवशी गेला. मी पोचलो तेव्हा त्याला माणसं ओळखू येत नव्हती.

मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती.

तिचं नाव रंजना. आम्ही रंजू म्हणतो. उमरोळीला दिलेली, आता तिचीही मुलं कॉलेजात आहेत. हिरा गेल्या पावसाळ्यात गेली. तिच्या पेटीत, लग्नातल्या साडीच्या घडीत, तो फोटो निघाला. हिराने तो चाळीस वर्षं सांभाळला. रंजू लहान होती तेव्हा त्या काळ्या आकृतीवर बोट ठेवून तिला दाखवायची, हा तुझा बाप, आणि ही तू. जनूचे दुसरे फोटो आहेत. लग्नातला मुंडावळ्यांचा आहे, गेटपासचा आहे, दोन्ही मीच काढलेले. बापाच्या हातात रंजू, असा मात्र हा एकच.

बाजारातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रंजू माझ्याकडे आली. चहा घेतला आणि मोबाइल पुढे केला.

"काका, ह्ये बगा. स्टेशनाकडच्या दुकानवाल्यानं करून दिलं. आईच्या फोटोबाजूला लावायचं हाय."

तोच फोटो, पण आता काळ्या जागेत तोंड होतं. गोरं, गुळगुळीत, हसणारं. दात एका ओळीत. जनूचा पुढचा दात लहानपणी वल्ह्याने अर्धा तुटला होता. आणि फोटोत मान खाली बाळाकडे वळलेली, पण हे डोळे सरळ समोर बघत होते. बाळालाही तोंड दिलं होतं, कुठल्याशा डब्यावरच्या बाळासारखं.

"असंच दिसायचे ना बाबा?"

"नाय."

"थोडं तरी?"

"हा कुनी दुसराच हाय, रंजू."

"तुमी पन ना काका!" तिने मोबाइल ओढून घेतला. "हो म्हटलं असतं तर काय बिगडलं असतं? जन्मभर असंच तुमचं." मग म्हणाली, "मंग तुमीच करा. निगेटिव्ह ठेवलीय ना तुमी?"

ठेवली होती. काढली, खिडकीशी धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. समुद्र काळाभोर, वाळू काळी, आणि जनूच्या तोंडाच्या जागी काहीच नाही, नुसती काचेसारखी आरपार फिल्म. तिच्यातून शेजारच्यांच्या गॅलरीतलं वाळत घातलेलं धोतर दिसत होतं. मी तिला सांगितलं, फिल्मवर जे उतरलंच नाही ते कुणाला वर काढता येत नाही, मलाही नाही आणि त्या दुकानवाल्यालाही नाही. त्याने मनाने घातलं आहे.

"आई सांगायची, दादांनी काडलेला फोटो कदी बिगडला नाय," रंजू म्हणाली. "मंग ह्योच कसा?"

रोल खराब निघाला, हे शब्द अगदी तोंडात आले होते. हिराला मी तेच सांगितलं होतं आणि ती त्यावर विश्वास ठेवून गेली. रंजूही ठेवेल. ती माझ्याकडे बघत होती, कपाळ जनूचं, तसंच अरुंद.

"बिगडला नाय," मी म्हणालो. "मी बिगडवला."

मग सगळं सांगितलं. दुकानातलं हसणं, उभं राहायची जागा, सोळा, चार, सरलेला रोल, न काढलेला दुसरा फोटो. सांगताना मध्ये एकदाही थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे सांगितलं नसतं.

"मुद्दाम?" तिने विचारलं.

"मुद्दाम."

"मी तीन म्हैन्यांची होते, काका."

तिने फोटो पिशवीत घातला, पिशवीची चेन लावली. उठेल असं वाटलं. उठली नाही.

"फोटोत नाय आलं ते नाय आलं," ती म्हणाली. "तुमी तर समोर होता. तुमाला दिसलं असंल. हसत होते का ते? माज्याकडं बगून?"

चाळीस वर्षं मी तेच शोधतो आहे. डोळे मिटतो, ती चौकट समोर येते. उजव्या कडेला सुई, बारीक, थरथरणारी. बोटाखाली रिंग. सुई वर सरकते, खाली येते, मध्ये थांबते. आणि चौकटीच्या मध्यभागी, जिथे माझा भाऊ आपल्या मुलीला घेऊन उभा होता, तिथे फोटोत आहे तेवढंच आहे. मी तिथे बघितलंच नव्हतं. मीटर घेऊन त्याच्यापर्यंत चालत गेलो असतो तर तोंड बघावंच लागलं असतं.

"माहीत नाय," मी म्हणालो. फोटोच्या बाबतीत हे दोन शब्द मी आयुष्यात कुणाला म्हटले नव्हते. "माजं लक्ष सुईवर होतं."

तिचे डोळे भरले. पदराने पुसले. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"नि मी?" तिने विचारलं. "मी काय करत होते?"

"रडत होतीस."

"ह्ये बरं आठवतंय तुमाला."

"ऐकू येत होतं ना."

बोललो आणि मीच थांबलो. कारण तिच्या रडण्याच्या मागे आणखी एक आवाज होता. तो मी कधी शोधलाच नव्हता. मी फोटोवाला, सगळी वर्षं नुसतं बघत होतो. डोळा सुईला चिकटला होता, पण कान मोकळे होते.

"तो बोलत होता," मी म्हणालो.

"कुनाशी? तुमच्याशी?"

"तुज्याशी."

रंजूने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"म्हणत होता, 'ए रंजू, रडू नको गो. तिकडं बग. काका बगतो ना तुज्याकडं. बग, काका बगतो.'"

बाहेर रिक्षा गेली, शेजारी कुणीतरी बादली सरकवली.

"परत सांगा," ती म्हणाली.

मी परत सांगितलं. जनूचा आवाज माझ्यापेक्षा बारीक होता, मी तसा काढायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"परत."

मी तिसऱ्यांदा म्हटलं. या खेपेला म्हणताना तिच्या तोंडाकडे बघत होतो.